छापलात, पण तडा कुठे शोधणार?

‘आता विमानाचे भागही प्रिंट होतात!’ असं रीलमध्ये ऐकलं की लाइक्सचा पाऊस पडतो. पडू दे. लीप इंजिनातल्या इंधनाच्या नॉझलच्या टोकासाठी पूर्वी सुमारे 20 तुकडे जोडावे लागत. आता ते अखंड छापलं जातं आणि रोज प्रवाशांना घेऊन उडतं. तंत्र भारीच आहे. माझं भांडण ‘फाइल पाठवा, छापा, बसवा’ या घोषणेशी आहे.

1969 साली अमेरिकेचं एक एफ-111 लढाऊ विमान पंख तुटून कोसळलं. ते उडालं होतं जेमतेम 100 तास. पंखाच्या सांध्यातल्या पोलादात घडणीपासूनच एक दोष होता आणि तो तपासणीत सुटला होता. या धड्यातून ‘डॅमेज टॉलरन्स’चा नियम पक्का झाला: भागात तडा आहेच असं धरून चाला. तो किती वेगाने वाढेल ते मोजा, आणि घातक होण्याआधी सापडेल अशा अंतराने तपासण्या ठेवा.

आता हाच हिशेब छापलेल्या भागाला लावा. लेझरने पावडर वितळवताना एखादा थर खालच्या थराशी एकजीव झाला नाही, तर आत चपटी, धारदार कडांची पोकळी राहते. तडा तिथूनच सुरू होतो. प्रचंड उष्णता आणि दाब देऊन आतल्या पोकळ्या बऱ्याच मिटवता येतात. पृष्ठभागावर उघडणाऱ्या मात्र मिटत नाहीत. खडबडीत पृष्ठभाग म्हणजे तड्याला आवतणच. ज्या नागमोडी आतल्या वाटांचं एवढं कौतुक होतं, तिथे पॉलिशही धड पोचत नाही आणि तपासणीही. शिवाय फाइल तीच असली तरी मशीन, पावडर किंवा छापण्याची दिशा बदलली की भागाचं आयुष्य बदलू शकतं. झिजलेल्या भागावर नवा धातू चढवून दुरुस्ती केली, तर जुन्या-नव्याच्या सांध्यात ताण उरतो, तो वेगळाच.

‘एवढ्या चाचण्या मागितल्या तर नवं तंत्र मरेल,’ असं म्हणणारे भेटतात. मार्च 2025 मध्ये ब्रिटनमधल्या ग्लॉस्टरशर इथे घरी बांधलेल्या एका छोट्या विमानाचं इंजिन उतरताना बंद पडलं. हवा आत नेणारा छापील प्लास्टिकचा भाग उष्णतेने मऊ होऊन बसला होता. तो विकत घेतला होता एका एअर शोमध्ये. असे अपघातच तंत्राला मारतात, चाचण्या नाहीत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी छापलेला भाग अभिमानाने दाखवला, तर तो किती हलका, किती स्वस्त, हे नंतर विचारा. आधी विचारा: यात तडा गेला, तर तो तुम्हाला कधी आणि कसा दिसेल? उत्तर नसेल, तर तो भाग शोकेसमध्येच शोभतो.