तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री आणि
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली यांस,



वर्ध्याला विमानतळ नाही. आम्ही नागपूरला सोनेगावहून विमान धरतो. आर्वी, हिंगणघाट, पुलगावची माणसे पुण्याला मुलाकडे किंवा मुंबईला उपचारासाठी जायचे तर स्वस्तात पडावे म्हणून दोन-तीन महिने आधी तिकीट काढतात. बरेच जण बाजारातल्या दुकानातून, रोख मोजून. विमान कंपनीचे पगार थकलेत की विमानांचे भाडे, हे त्यांना कोण सांगणार?

2 मे 2023 रोजी गो फर्स्ट या विमान कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 3 तारखेपासून विमाने थांबली. ऐन सुट्ट्या, ऐन लग्नसराई. परतावा द्या, असा आदेश आपण काढलात. पण 10 मे रोजी कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला, वसुलीला स्थगिती लागली आणि तिकीट काढलेला ग्राहक एका दिवसात धनको झाला. 20 जानेवारी 2025 रोजी कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. दिवाळखोरी कायद्याच्या कलम 53 नुसार आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारण असलेल्या बँका, मग इतर. प्रवाशाचा नंबर पार खाली, भागधारकांच्या थोडा वर. तिथवर काय उरते? याआधीही विमान कंपन्या बुडाल्या होत्या: 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली, 2019 मध्ये जेट. म्हणजे हे अचानक कोसळलेले संकट नव्हते.

कार्डाने पैसे भरणाऱ्याला निदान बँकेकडे दाद मागता येते. रोख देणाऱ्याच्या हाती छापील कागद, आणि दुकानदाराचे उत्तर, "कंपनीकडून आले की देतो."

विमाने भाड्याने देणाऱ्या कंपन्यांची मात्र सरकारने तत्परतेने दखल घेतली. 3 ऑक्टोबर 2023 च्या अधिसूचनेने विमाने आणि इंजिने स्थगितीतून वगळली गेली. 2025 मध्ये संसदेने त्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदाही केला. त्याला आमचा विरोध नाही. पण विमानाच्या मालकासाठी जे जमले, ते आत बसणाऱ्यासाठी का जमू नये?

वाट नवी शोधायची नाही. रेरा कायद्याने बिल्डरला घर घेणाऱ्यांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तिकिटाचे पैसेही उड्डाण होईपर्यंत असेच वेगळे ठेवायला लावा. खेळते भांडवल अडकेल, भाडी वाढतील, असे कंपन्या म्हणतील. थोडी वाढतीलही. पण फेब्रुवारीत घेतलेल्या मे महिन्याच्या तिकिटावर कंपनी चालवणे म्हणजे प्रवाशाला न विचारता त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेणे आहे.

आणि पगार किंवा विमानांचे भाडे थकले, की त्या कंपनीची पुढच्या महिन्यांची तिकीटविक्री तेव्हाच थांबवा. गो फर्स्टला विक्री थांबवण्याचा आपला आदेश 8 मे रोजी निघाला. विमाने त्याआधी पाच दिवस जमिनीवर होती.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक प्रवासी