वाशाचं गणित पुस्तकातूनच

करवत धरायला उस्तादच शिकवतो, हे खरं. पण उतरत्या छपराचा सांगाडा निव्वळ बघून शिकता येतो, हे मला मान्य नाही. वासा कुठे कापला हे दिसतं, तिथेच का, हे दिसत नाही. अमेरिकेतल्या सुतारांना पुस्तकांची मोठी मदत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेड हॉजसन यांनी पोलादी गुण्याच्या वापरावर लिहिलं, ते याच कामासाठी. 12 इंच आडव्या अंतराला छप्पर 6 इंच चढत असेल, तर साधा वासा 13.42 इंच लागतो. दोन पाखी मिळतात तिथला कोपऱ्याचा वासा मात्र 18 इंच, कारण नकाशात तो कर्णाने, 16.97 इंच धावतो. आकृती समोर ठेवून हे एकदा स्वतः मांडलं की गुण्यावर कोरलेला तक्ता घोकावा लागत नाही. आढ्याच्या फळीची अर्धी जाडी वजा करायला नवशिके हमखास विसरतात (कोपऱ्याच्या वाशाला ती तिरपी मोजायची असते). ही पायरी ज्या पुस्तकात सुटी करून दाखवलेली नाही, ते घेऊच नये. लाकडाचा बाक वरच्या अंगाला ठेवायचा, हेही पुस्तक सांगतं. तो बाक हेरायला मात्र वासा उचलून त्याच्या कडेवरून नजर टाकावी लागते, आणि ती नजर कामावरच तयार होते.