भरतीरेषेपासून मोजले, विहिरीपासून कोण मोजणार?

किनाऱ्यावर एखादे रिसॉर्ट परवानगीबाहेर बांधले गेले, की आपल्याकडची चर्चा ठरलेली असते. भरतीरेषेपासून अंतर किती? मजले किती? दंड होणार की बुलडोझर येणार? हे प्रश्न योग्यच आहेत. पण डॉक्टरच्या नजरेला या यादीत एक प्रश्न हटकून गाळलेला दिसतो. त्या इमारतीतील संडास-मोरीचे पाणी जाते कुठे, आणि तिथून पिण्याच्या पाण्याची विहीर किती अंतरावर आहे?

किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली. लोकांच्या लक्षात राहिली ती त्यातली २०० मीटरची मर्यादा. परंतु प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडायला बंदी, भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी, हेही त्याच कागदावर होते. पुढे २०११ आणि २०१९ साली नवे नियम आले. दाट वस्तीच्या काही गावांसाठी २०० मीटरची मर्यादा ५० मीटरवर आली. अंतर कमी झाले, पण मैलापाणी तसेच सोडायची मुभा मात्र कोणी दिलेली नाही.

आपल्याच जिल्ह्यात किहीम येथील नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला गेला. दापोली तालुक्यातल्या मुरुडमध्ये, म्हणजे आपल्या नावाच्या दुसऱ्या गावात, एक रिसॉर्ट पाडून जागा पूर्ववत करण्याचा आदेश केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये दिला. तो वाद पुढे हरित न्यायाधिकरणात गेला. अशा प्रकरणांत गाजतात ती मालकांची नावे. शेजारच्या विहिरीचे नाव कोणी काढत नाही.

आपल्या पुळणीखालचे गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळसा थर. पूर्वी वाडीला रहाटाने पाणी निघे, तेही बेताने. आता पंप लावून उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर येते. वरून शोषखड्ड्याचे पाणी झिरपते. रेती पाणी चटकन पिते. ते शुद्ध करायला मात्र तिला वेळ मिळत नाही. म्हणूनच शोषखड्डा विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. आता साधा हिशेब करा. वीस खोल्या, खोलीत तीन माणसे, माणशी १३५ लिटर पाणी धरले, तर दिवसाला ८,१०० लिटर होते. त्यातले बहुतेक त्याच रेतीत जाते. घरच्या पाच माणसांसाठी खणलेला खड्डा हे कसे सोसणार?

यातून जुलाब, गॅस्ट्रो, विषमज्वर तर होतातच. पण सर्वांत लबाड आजार म्हणजे कावीळ. 'ए' आणि 'ई' प्रकारचे विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला साधारणपणे दोन आठवड्यांपासून दोन महिनेही लागतात. तोवर पाहुणे घरी परतलेले असतात आणि विहिरीकडे बोट दाखवायला कोणी उरत नाही. 'ई' प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

"टीसीएल टाकू की!" असे कोणी म्हणेल. टीसीएल जरूर टाकावे. पण दिल्लीची १९५५-५६ ची साथ आठवावी. यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी मैलापाणी शिरले. क्लोरीन वाढवले गेले, त्यामुळे विषमज्वर फारसा वाढला नाही; तरीही सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. घाण आधी मिसळू द्यायची आणि मग औषधाने धुवायची, हा हिशेब जुळत नाही. दंड भरून बांधकाम कागदावर नियमित होईल. विहीर दंडाने नियमित होत नाही.

मग करायचे काय? २०११ च्या अधिसूचनेनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते आणि तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांचे, कोळी बांधवांसह, निदान तीन प्रतिनिधी असावे लागतात. या समितीपुढे हॉटेलचे प्रकरण आले, की मोजणीच्या नकाशासोबत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचा अहवालही मागवावा. शोषखड्डा कुठे आहे, टाकी कधी उपसली, आसपासच्या विहिरींचे नमुने काय सांगतात, हे त्यात असावे. पाण्याच्या स्रोतांच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. तसेच कार्ड हॉटेलांनाही द्यावे आणि ते काउंटरवर लावायला सांगावे. जिथे पाणी दूषित आढळेल तिथे निकालाची वाट न पाहता खोल्या बंद ठेवाव्यात.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षे लागतात, पण पोट थांबत नाही. अशा घरातल्या माणसांनी दोन खोल्या पर्यटकांना दिल्या, तर त्यांना आणि मोठ्या रिसॉर्टला एकाच मापाने मोजू नये. घराचा मूळ आकार न बदलता पाहुणे ठेवायला नियमांतही वाट आहे. अशांना नोटिशीआधी मदत हवी. चार घरांनी मिळून एक चांगली टाकी बांधावी, नगरपरिषदेने वा ग्रामपंचायतीने ती वेळेवर उपसून द्यावी. मात्र शेजाऱ्याची विहीर वाचवण्याची जबाबदारी लहान-मोठ्या दोघांचीही सारखीच.

जंजिऱ्याच्या तटाआत, चारी बाजूंनी खारा समुद्र असताना, गोड्या पाण्याचे तलाव राखले गेले. पाणी गेले की किल्ला गेला, हे तिथल्या माणसांना ठाऊक होते. वाचकांनी निदान एवढे करावे: पर्यटन हंगामापूर्वी आणि पावसाच्या सुरुवातीला आपल्या विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. आरोग्य केंद्रात चाचणीच्या बाटलीची चौकशी करावी. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात मैला मिसळत असल्याची शंका धरावी आणि पाणी उकळूनच प्यावे. त्या तपासणीचा कागद जपून ठेवावा. उद्या समितीपुढे सुनावणी झाली, तर भरतीरेषेच्या नकाशाशेजारी तो ठेवता येईल.