कार्ड घ्यावं ड्रायव्हर बघून

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि कित्येक जुन्या पीसींवर लिनक्स आलं. ऑफिसचं काम, पिक्चर, गाणी, सगळं मस्त चालतं. मग येतो खरा सवाल : बॉस, गेम्सचं काय?

तर मंडळी, गेम्सही चालतात! व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट 2018 मध्ये प्रोटॉन आणलं आणि विंडोजसाठी लिहिलेले ढीगभर गेम्स स्टीमवरून लिनक्सवर पळायला लागले. उरतो प्रश्न ग्राफिक्स कार्डचा. विंडोजवाले कार्ड घेताना फ्रेम्स मोजतात. लिनक्सवाल्याने आधी विचारायचं, याचा ड्रायव्हर राहतो कुठे?

समजा, नोकरी नाशिकला आणि घर सुरगाण्याला. शनिवारची रात्र, बाहेर धो धो पाऊस, मोबाइलची रेंज येतेय-जातेय. रस्ते-पाणी मिळत नाही म्हणून 2022 च्या अखेरीस इथल्या काही गावांनी थेट गुजरातेत जायची मागणी केली होती. अशा ठिकाणी काहीशे एमबीचा ड्रायव्हर डाउनलोड करत बसणार? विसरा.

इथे एएमडी बाजी मारते. तिचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर 2015 पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे. कार्ड बसवलं, पीसी सुरू केला, झालं. इंटेलच्या आर्क कार्डांचंही साधारण तसंच. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा वेगळा टाकावा लागतो. कर्नल बदलला की त्याचा मॉड्यूलही नव्याने जुळवावा लागतो. त्यात गडबड झाली की समोर काळी स्क्रीन! लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने 2012 मध्ये याच कंपनीला भर कार्यक्रमात शिवी हासडली होती. मे 2022 मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला, पण जीटीएक्स 16 आणि आरटीएक्स 20 मालिकांपासून पुढच्या कार्डांसाठीच.

सेकंडहँड घेताना तर डोळे उघडे ठेवा. जीटीएक्स 1060 स्वस्तात दिसतं, पण 900 आणि 1000 मालिकांना साथ देणारी एनव्हिडियाची 580 ही शेवटची ड्रायव्हर शाखा. त्याच सुमाराचं एएमडीचं आरएक्स 580 कार्ड मात्र मेसा या खुल्या ड्रायव्हरवर अजून चालतंय.

मग एनव्हिडिया बाद? अजिबात नाही. व्हिडिओ एडिटिंग किंवा एआयच्या कामाला कुडा लागत असेल, तर तेच घ्या. फक्त पॉप ओएसची एनव्हिडियावाली आवृत्ती शहरातूनच पेनड्राइव्हवर भरून न्या.

खिशात ठेवायच्या तीन गोष्टी. एक, मेमरी निदान 8 जीबी हवी. दोन, वॅट बघा. आरएक्स 6600 हे 132 वॅटचं कार्ड, तर आरएक्स 580 चे 185. लाइट गेली की इन्व्हर्टरवर हा फरक कळतो. तीन, कार्ड नुकतंच बाजारात आलेलं असेल तर कर्नल आणि मेसाही नवे हवेत, नाहीतर एएमडीसुद्धा रुसते.

आणि हो, व्हॅलोरंट लिनक्सवर चालतच नाही. एपेक्स लेजंड्सनेही ऑक्टोबर 2024 मध्ये दार बंद केलं. दोष कार्डचा नाही, चीटिंग रोखणाऱ्या यंत्रणेचा. म्हणजे जीव या दोन गेम्समध्ये अडकला असेल, तर महागडं कार्डही काही करू शकत नाही.

तेव्हा दुकानदार फ्रेम्स सांगेल, तुम्ही ड्रायव्हर विचारा. पगार तुमचा आहे, आणि शनिवारची रात्रही!