सील कोणी निवडावे?

कारखान्यातील पंपाचे सील हा काही अग्रलेखाचा विषय नव्हे, असे अनेक वाचकांना वाटेल. कारखान्यांच्या खरेदी खात्यांनाही तसेच वाटत असावे. एरवी तीन दरपत्रके मागवून त्यांतील सर्वांत स्वस्त सील घेण्याचा प्रघात इतका निर्वेधपणे चालला नसता. पंपाचा फिरता दांडा स्थिर कवचातून जेथे बाहेर येतो तेथे फट राहणारच. ती कशाने बुजवायची, एवढाच हा प्रश्न. परंतु त्या फटीच्या आत काय आहे आणि बाहेर कोण उभे आहे, यावर त्याचे गांभीर्य ठरते.

जुना उपाय ग्लँडमध्ये दोरी भरण्याचा. ही दोरी थेंब थेंब गळलीच पाहिजे, कारण त्या गळतीनेच ती थंड राहते. गळती समूळ थांबावी म्हणून नट आवळत जाणारा नवखा मनुष्य दोरी जाळतो आणि दांडाही खरवडतो. साध्या पाण्याच्या पंपाला हा उपाय आजही पुरेसा आहे. तेथे महागड्या सीलचा आग्रह धरणे ही उधळपट्टीच होय. साखर कारखान्यातील पाकाच्या पंपाची गोष्ट निराळी. दोरी थंड ठेवण्यासाठी सोडलेले जे पाणी पाकात शिरते, ते पुन्हा वाफ खर्चून आटवावे लागते. हा खर्च दोरीच्या किमतीत कोणी धरत नाही.

मेकॅनिकल सीलमध्ये दोन गुळगुळीत चकत्या, एक फिरती व एक स्थिर, स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर टेकलेल्या असतात. त्यांच्यामधील द्रवाच्या, केसाहून कितीतरी पातळ अशा थरावर सारा कारभार चालतो. स्वच्छ द्रवाला कार्बनची चकती चालते. कण असलेल्या किंवा सुकताच स्फटिक धरणाऱ्या द्रवाला दोन्ही चकत्या सिलिकॉन अथवा टंगस्टन कार्बाइडसारख्या कठीण द्रव्याच्या लागतात. ईपीडीएमचे रबरी कडे गरम पाण्यात उत्तम टिकते, पण खनिज तेलात फुगून निकामी होते. द्रव अतिविषारी असेल तर एकेरी सीलवर भागवणे हा आमच्या मते गुन्हाच आहे. तेथे दुहेरी सील हवे आणि दोहोंमध्ये निरुपद्रवी द्रव आतल्याहून अधिक दाबाने भरलेला हवा. म्हणजे आतले सील खचले तरी हा द्रव आत जाईल, विष बाहेर येणार नाही. सीलच नसलेले, चुंबकीय जोडाचे पंपही मिळतात.

भोपाळमधील डिसेंबर 1984 ची रात्र सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्रीचे कारण पंपाचे सील नव्हते. पण युनियन कार्बाइडच्या त्याच कारखान्यात 1982 च्या आरंभी एका पंपाचे सील निकामी होऊन फॉस्जीन वायू पसरला आणि सुमारे दोन डझन कामगारांना रुग्णालयात न्यावे लागले, हे थोड्यांनाच आठवते. त्याच्या थोडेच आधी, डिसेंबर 1981 मध्ये, तेथील एक कामगार फॉस्जीननेच दगावला होता. कामगारांनी दिलेले इशारे कोणी मनावर घेतले नाहीत.

पुढे 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती बंधनकारक झाली. त्या अधिनियमाची जागा आता नव्या संहितेने घेतली असली तरी सुरक्षा समितीची तरतूद तीतही आहे. पण अशा किती समित्यांपुढे सीलचे दरपत्रक येते? मागणीपत्रात द्रवाचे नाव, तापमान, दाब आणि गती लिहिलेली असते. पाळी बदलताना टाकी रिकामी होऊन पंप क्षणभर कोरडा फिरतो, बेअरिंग झिजल्यामुळे दांडा थरथरतो, हे तेथे लिहिलेले नसते. फिटरला ते ठाऊक असते, आणि पुष्कळदा सील जाते ते याच कारणांनी. मग त्याच मापाचे सील पुन्हा मागवले जाते आणि निष्काळजीपणाचा ठपका फिटरवर येतो.

विषारी वा ज्वालाग्राही द्रवाच्या प्रत्येक पंपाचे सील ठरवताना तो पंप सांभाळणाऱ्या फिटरचे म्हणणे लेखी घेतले जावे आणि त्याखाली त्याची सही असावी, अशी आमची मागणी आहे. निकामी झालेले सीलही भंगारात टाकण्यापूर्वी सुरक्षा समितीच्या टेबलावर ठेवले जावे. चकतीवरचे ओरखडे, जळल्याचे डाग, फुगलेले कडे पाहिले की ते का गेले हे जाणत्या फिटरला बहुधा सांगता येते; त्याला विचारले मात्र पाहिजे.