बिस्किटाचं पुण्य पुरे झालं, आता कुत्र्याला लस टोचा!

गुरुवार आला की आपल्या भागात कुत्र्यांची चंगळ असते. पाच रुपयांचा बिस्किटपुडा फोडायचा, चार-सहा बिस्किटं रस्त्यावर टाकायची, एक फोटो काढायचा, हात जोडायचे आणि गाडीला किक मारायची. झालं पुण्य! शिर्डीत हे बारा महिने चालतं आणि आपण राहातेकरही त्यात मागे नाही. घरी पाळलेल्या कुत्र्याची तऱ्हाही तीच. सकाळी चहासोबत दोन बिस्किटं मालकाला, दोन त्याला.

राग आला तरी चालेल, पण स्पष्ट बोलतो. ही भूतदया नाही. हा आपल्या मनाच्या समाधानाचा स्वस्तातला सौदा आहे.

बाबांचं नाव घेऊनच हे चालतं, म्हणून आधी तिथलंच बोलू. साईसच्चरित्र बहुतेकांच्या देव्हाऱ्यात आहे. नवव्या अध्यायात तर्खडबाईंची गोष्ट आहे. भुकेल्या कुत्र्याला त्यांनी भाकरीचा तुकडा घातला आणि तो आपल्यालाच पोचला, असं बाबा म्हणाले. तेराव्या अध्यायात हिवतापाने हैराण झालेल्या बाळा शिंप्याला त्यांनी लक्ष्मीच्या देवळाजवळ काळ्या कुत्र्याला दहीभात घालायला सांगितलं. भाकरी आणि दहीभात! माणसाच्या ताटातलं साधं अन्न. मैदा, साखर आणि पामतेलाचा पुडा त्यात कुठेही नाही.

आता बिस्किटाचं खरं-खोटं बघू. "गोड खाल्लं की कुत्र्याला जंत होतात, लूत लागते" असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते चूक आहे. लूत बारीक किड्यांमुळे होते. जंत आईकडून, मातीतून, पिसवांतून येतात. बिस्किटाचा दोष वेगळा आहे. पोट भरतं, पण अंगाला लागेल असं त्यात काही नाही. वजन वाढतं, दात किडतात. आणि क्रीमचं किंवा चॉकलेटचं बिस्किट असेल तर गोष्ट आणखी वाईट. चॉकलेट कुत्र्याला विषारी आहे. वाढदिवसाचा चॉकलेट केक उरला म्हणून टॉमीपुढे सरकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

घरातल्या आणखी काही गोष्टी अशाच आहेत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती दाण्यांनी होईल ते सांगता येत नाही, म्हणून एकही नको. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा नकोत. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, म्हणजे आपला झणझणीत रस्सा भाकरीवर ओतून देणं बंद. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून त्यांची टोकदार कुसं होतात आणि ती घशात, आतड्यात रुततात. मांस द्या, हाड नको.

मग घालायचं काय? बिनमिठाची भाकरी किंवा भात, त्यात उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं चिकन नाहीतर साधं वरण, थोडं दही. भांडंभर स्वच्छ पाणी. यात श्रीमंती कुठे लागते?

मांजरांचंही तेच. "मांजर म्हणजे दूध" हे गोष्टीच्या पुस्तकात ठीक. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. मांजराला मांस, मासा, अंडं लागतंच. आपण शाकाहारी म्हणून तिलाही वरणभातावर ठेवलं, तर पुढे डोळे जाऊ शकतात, हृदय बिघडू शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मांजराला ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीने मांजर मरू शकतं. कुत्र्यालाही मेडिकलमधली दुखण्याची गोळी स्वतःच्या डोक्याने देऊ नका.

आता मुद्द्याचं. खाणं सुधारलं तरी अर्धंच काम झालं. आपल्या वस्तीवरच्या किती कुत्र्यांना रेबीजची लस टोचली आहे? घरोघरी विचारा. "त्याला काय होतंय, गावठी आहे," हेच उत्तर मिळेल.

लंपी आला तेव्हा, २०२२ मध्ये, गायींना लस टोचायला आपण कशी धावाधाव केली होती आठवतं ना? बरोबरच होतं, गाय दूध देते. पण त्याच गोठ्याची रात्रभर राखण कोण करतं? उसातल्या बिबट्याची चाहूल आधी कोणाला लागते? त्याच्या वाट्याला मात्र शिळा तुकडा आणि नशीब. उद्या ते पिसाळलं तर गायीलाही चावेल आणि अंगणात खेळणाऱ्या पोरालाही.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. जगात रेबीजने जाणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्के माणसं भारतातली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसाला हा रोग होतो तो बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच. हे मरण लसीने टळतं.

हिशोब करा. रोजचा पाच रुपयांचा पुडा म्हणजे वर्षाला १८२५ रुपये. एका कुत्र्याची रेबीजची लस आणि जंताचं औषध त्यात आरामात बसतं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. त्याआधी दीड-दोन महिन्यांचं असतानाच पार्व्होची लस सुरू करा. पिल्लं रक्ताची हगवण लागून पटापट जातात आणि आपण "नजर लागली" म्हणतो, तो बहुतेक वेळा पार्व्हो असतो.

आणि कुत्रं चावलंच, तर चुना, मिरची, मंत्र-तंत्र काही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे लस मोफत मिळते.

कमेंटमध्ये काही जण म्हणतील, "भटक्यांना खायलाच घालू नका, गावाबाहेर सोडून या." ते कायद्यात बसत नाही आणि त्याने प्रश्नही सुटत नाही, जागा रिकामी झाली की दुसरी कुत्री येतात. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितल्या, रस्त्यात कुठेही घालायला मनाई केली. म्हणून नगरपरिषदेकडे आपली मागणी दोनच गोष्टींची हवी. प्रत्येक प्रभागात पाटी लावून जागा द्या आणि नसबंदी-लसीकरणाचा आकडा दर महिन्याला फलकावर लिहा. आपले नगरसेवक मत मागायला दारात येतात, तेव्हा गटारीबरोबर हेही विचारा.

येत्या गुरुवारी पुडा घेऊ नका. ते पाच रुपये डब्यात टाका. गल्लीतली दहा घरं मिळून महिनाभर टाकत राहिली तर दीड हजार होतात. त्यातून गल्लीतल्या कुत्र्यांना लस टोचून घ्या आणि मग खुशाल दहीभात घाला.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण आधी आपल्या दारातल्या कुत्र्याला शेवटची लस कधी टोचली, ती तारीख कमेंटमध्ये लिहा.