शुद्ध आली, पण ताकद परतली का?

२३ जानेवारी १९४२. कॅनडातील माँट्रिअल शहरात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या एका तरुणाला डॉ. हॅरोल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी क्युरारे टोचले. दक्षिण अमेरिकेतील शिकारी बाणाच्या टोकाला लावत, तेच हे विष. ताठरलेले पोट मऊ पडले. तोवर स्नायू सैल करायचे तर भूलच खोल द्यावी लागे आणि तिचा भार हृदयाला सोसावा लागे.

आज ही कामगिरी व्हेक्युरोनियम, अट्राक्युरियम, रोक्युरोनियम बजावतात. मज्जातंतूचा निरोप ती स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत. श्वासाचे स्नायूही थांबतात, म्हणून नळी घालून कृत्रिम श्वास द्यावा लागतो. शुद्ध मात्र या औषधांनी हरपत नाही. अमेरिकी भूलतज्ज्ञ डॉ. स्कॉट स्मिथ यांनी जागेपणी स्वतःवर क्युरारेचा प्रयोग करवून घेतला. १९४७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अंग पूर्ण लुळे पडले असतानाही त्यांना सगळे कळत होते, दुखतही होते.

भूल उतरणे वेगळे आणि ताकद परतणे वेगळे. डोळे उघडलेल्या रुग्णाच्या घशात औषधाचा अंमल उरलेला असू शकतो. मग श्वासाची वाट अडते, लाळ फुप्फुसात उतरू शकते, ऑक्सिजन घसरतो.

‘डोके उचला, हात दाबा’ एवढ्यावर विसंबून चालत नाही. मनगटाजवळच्या नसेला विजेचे चार हलके झटके देऊन अंगठ्याची हालचाल मोजणारे यंत्र उपलब्ध आहे. चौथी हालचाल पहिलीच्या किमान ९० टक्के भरली, की नळी काढणे सुरक्षित. हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले, की उरलेली तूट अनुभवी डॉक्टरच्या नजरेलाही सहसा दिसत नाही. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये याच मोजमापाची शिफारस केली.

उताऱ्याचे औषध देतोच की, हे उत्तर अपुरे आहे. शिथिलता खोल असेल तर निओस्टिग्मिन पुरे पडत नाही. सुगमाडेक्सची मात्राही त्या खोलीवरूनच ठरते, आणि अट्राक्युरियमवर ते चालतच नाही.

ओठ-नखांच्या रंगावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधण्याचे दिवस पल्स ऑक्सिमीटरने संपवले. अंगठ्याची ताकद मोजणारे यंत्रही जिल्हा रुग्णालयापासून छोट्या नर्सिंग होमपर्यंत, जिथे ही औषधे वापरली जातात तिथे प्रत्येक ऑपरेशन टेबलाशी हवे. त्याचा आकडा भुलीच्या नोंदीत, नळी काढल्याच्या वेळेसमोर, लिहिणे बंधनकारक करावे.